सुटकेनंतरचा भाग

२००८ साली बीबीसीवर 'क्रिमिनल जस्टिस' नावाची पाच भागांची मालिका आली. टॅक्सी चालवणारा एक तरुण रात्री एका अनोळखी मुलीला भेटतो, नंतर ती मृतावस्थेत सापडते आणि तो तुरुंगात जातो. २०१६ मध्ये हीच गोष्ट न्यूयॉर्कला गेली आणि 'द नाइट ऑफ' झाली. २०१९ मध्ये ती मुंबईत आली. विक्रांत मॅसी आरोपी झाला, पंकज त्रिपाठी वकील. देश तीन, कायदे तीन, तुरुंगांचे बांधकामसुद्धा वेगळे. तरीही आतली माणसे तीच राहिली. नवखा, भेदरलेला पोरगा. त्याच्यावर डूख धरणारा एक गुंड. त्याला पंखाखाली घेणारा दुसरा गुंड. कुठून तरी आलेले पाते, आणि मग पोराचा हळूहळू बदलत जाणारा चेहरा.

म्हणजे पटकथेने सरहद्द ओलांडली तेव्हा वकिलांचे डगले बदलले, शिव्या बदलल्या, जेवणाचे ताट बदलले. तुरुंग मात्र तोच आला. कारण पडद्यावरचा तुरुंग हा एखाद्या देशातला तुरुंग नसतोच. नायकाला भट्टीत घालून बाहेर काढण्याची ती एक जागा असते. भट्टी म्हटल्यावर आग हवी, म्हणून मारामारी हवी. भट्टीतून बाहेर आलेली वस्तू तयार झालेली असते, म्हणून सुटकेबरोबर गोष्टही संपते.

खऱ्या तुरुंगाची गोष्ट मोजायला गेलो तर या दोन्ही गोष्टी उलट निघतात. आत आग कमी आणि ताटकळणे जास्त. आणि ज्याला सुटका म्हणतात, तिथून कठीण भागाला सुरुवात होते.

आत कोण असते?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षीच्या स्थितीवर तुरुंगांची आकडेवारी काढतो. २०२२ अखेरच्या आकड्यांनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती. जागा होती ४ लाख ३६ हजार २६६ जणांची. त्याहून महत्त्वाचा आकडा पुढचा: या माणसांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा खटला संपलेला नव्हता आणि कोणत्याही न्यायाधीशाने त्यांना दोषी म्हटलेले नव्हते. चारांतले तीन.

पडद्यावर हे प्रमाण नेमके उलटे दिसते. तिथे बहुतेक सगळे पक्के असतात, त्यांच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कपडे असतात, आणि आईला किंवा खलनायकाला उद्देशून चक्की पिसण्याचा उल्लेख एकदा तरी होतो. पट्ट्यांचे कपडे अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या तुरुंगांतून जगभरच्या सिनेमात पसरले. महाराष्ट्रात शिक्षा झालेल्या पुरुष कैद्याचा गणवेश पांढरा असतो आणि कच्चा कैदी स्वतःचेच कपडे घालतो. १८९४ चा तुरुंग कायदा तशी मुभा देतो. याच कायद्यानुसार कच्च्या आणि पक्क्या कैद्यांना वेगळे ठेवायला हवे. गर्दीत तो नियम किती पाळला जातो, ही वेगळी गोष्ट. काम सक्तीचे असते ते फक्त सश्रम कारावास झालेल्याला. ते कामही जात्यावरचे नसते. सुतारकाम, हातमाग, यंत्रमाग, बेकरी, शिवणकाम, शेती. येरवड्यात तर कारागृहाचे स्वतःचे मुद्रणालय आहे.

शिक्षा झालेल्याला निदान काम मिळते, मजुरी मिळते, शिक्षेत माफी साठते, संचित रजा किंवा अभिवचन रजा मागता येते. फर्लो आणि पॅरोल म्हणतात त्या याच. कच्च्या कैद्याला यातले काही नसते. त्याच्याजवळ एकच गोष्ट असते, ती म्हणजे पुढची तारीख. ज्याच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही, त्याचा दिवस गुन्हा शाबीत झालेल्यापेक्षा रिकामा जातो. ही विसंगती मालिकेत सहसा येत नाही, कारण रिकाम्या दिवसाचे चित्रीकरण करता येत नाही.

रिकामा दिवस

तरीही तो दिवस समजून घ्यायला हवा, कारण तुरुंग म्हणजे मुख्यतः तोच. पडद्यावर असते ती दोन माणसांची कोठडी, एकावर एक पलंग, गजांचा सरकता दरवाजा. ही अमेरिकन रचना आहे. आपल्याकडे बहुतेक कैदी बराकीत राहतात: लांबलचक एक खोली, फरशीवर ओळीने अंथरुणे, टोकाला संडास. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता वर्षानुवर्षे ८०४ होती आणि आत अनेकदा तीन हजारांहून अधिक माणसे असत. अशा बराकीत झोपायची जागा हीच पहिली मालमत्ता. संडासाजवळची जागा नव्याला, भिंतीकडची जुन्याला. रात्रभर दिवा चालू राहतो.

पहाटे बराक उघडते, गिनती होते, चहा येतो. सकाळीच दुपारचे जेवण उरकते. दुपारी पुन्हा बंदी. संध्याकाळचे जेवण उन्हे कलायच्या आत वाटून होते, आणि अंधार पडण्याआधी गिनती करून कुलूप लागते. पुढचे बारा तास आत. यात घडामोड म्हणावी अशा गोष्टी दोनच, मुलाकात आणि तारीख. मुलाकातीला आलेले नातेवाईक काचेपलीकडे किंवा जाळीपलीकडे असतात आणि मिनिटे मोजून मिळतात. तारखेला न्यायालयात न्यायला पोलिसांचा ताफा लागतो. तो दुसऱ्या बंदोबस्तावर गेला की तारीख आरोपीविनाच पुढे जाते. आता अनेकदा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरूनच हजेरी लागते. कैद्याला दिसते ते न्यायालयाचे एक कोपऱ्यातले चित्र, आणि वकिलाशी दोन शब्द कुजबुजण्याची संधी गेलेली असते.

आत आग कमी, हेच मृत्यूचे आकडेही सांगतात. २०२२ मध्ये देशभरातल्या तुरुंगांत १,९९५ कैद्यांचा मृत्यू झाला. त्यातले बहुसंख्य नैसर्गिक म्हणून नोंदले गेले, म्हणजे बहुतेक आजारपणाचे. अनैसर्गिक मृत्यू १५९ होते आणि त्यांतल्या ११९ आत्महत्या होत्या. मालिकेत कैदी मरतो तो दुसऱ्याच्या हातच्या पात्याने. प्रत्यक्षात तो मरतो क्षयाने, हृदयविकाराने, वेळेवर न मिळालेल्या डॉक्टरामुळे, नाहीतर स्वतःच्या हाताने.

मारणारा हात कुणाचा?

याचा अर्थ तुरुंगात हिंसा नाही असा नव्हे. फक्त तिची दिशा पडदा चुकवतो. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात शिक्षा भोगणाऱ्या एका बंदी महिलेचा मृत्यू झाला. तिने जेवणातली अंडी आणि पाव कमी पडल्याची तक्रार केली आणि त्यावरून कर्मचाऱ्यांनी तिला बेदम मारले, असा आरोप झाला. सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. त्यानंतर त्या तुरुंगातल्या बायका छतावर चढल्या, निषेध केला. पडद्यावर हाणामारी कैद्या-कैद्यांत होते आणि गणवेशातला माणूस ती सोडवायला धावतो किंवा लाच खाऊन पाठ फिरवतो. अंडी-पावाच्या हिशेबावरून जीव जाऊ शकतो ही शक्यता पटकथेला फार क्षुल्लक वाटत असावी.

दुसरी हिंसा लिखित होती. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत झाडलोट, संडास-सफाई कुणी करायची आणि स्वयंपाक कुणी रांधायचा याची जातीनुसार वाटणी वसाहतकाळापासून चालत आली होती. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी याचा पाठपुरावा करून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. म्हणजे स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे उलटून गेल्यावरही तुरुंगाच्या आत जात सरकारी छापील कागदावर होती. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा शिवून घेणाऱ्या वेशभूषाकाराला ही नियमावली कुणी दाखवली नसणार.

काही मालिका यातून मार्ग काढतात. 'ब्लॅक वॉरंट' ही विक्रमादित्य मोटवाने यांची २०२५ ची मालिका तिहारमध्ये १९८१ साली रुजू झालेले जेलर सुनील गुप्ता यांच्या पुस्तकावर बेतलेली आहे. तिचा फायदा असा की ती तुरुंगाकडे नोकरीची जागा म्हणून पाहते. माणसे कमी, अधिकारी थकलेले, टोळ्यांशी तडजोड केल्याशिवाय दिवस ढकलता येत नाही. सत्ता कशी वाटली जाते हे त्यात दिसते. पण तिलाही कुप्रसिद्ध गुन्हेगार चार्ल्स शोभराज लागतोच. १६ मार्च १९८६ ला त्याने पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई खाऊ घातली आणि तिहारच्या दारातून तो निघून गेला; तीन आठवड्यांनी गोव्यात पर्वरीतल्या एका हॉटेलात मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला पकडले. गोष्ट जबरदस्त आहे, म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते. तुरुंग फोडून पळणे मात्र दुर्मीळ. जे निसटतात ते बऱ्याचदा रुग्णालयात किंवा न्यायालयात नेताना, किंवा रजेवर गेल्यावर परत न येऊन.

चौदा वर्षे आणि एक जामीनदार

हिंदी आणि मराठी पडद्याने रुजवलेला सर्वांत चिवट समज म्हणजे जन्मठेप चौदा वर्षांची असते. नायक आत जातो, पोर पाळण्यात असते; बाहेर येतो तेव्हा पोर नववीत. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९६१ सालीच निकाली निघाला आणि याचिकाकर्ता महाराष्ट्रातलाच होता. गांधीहत्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी, माफीचे दिवस धरून आपली शिक्षा पुरी झाली, असा दावा केला होता. न्यायालयाने तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. मुदतीआधी सोडायचे का, हे सरकारने ठरवायचे. १९७८ मध्ये कायद्यात भर पडली ती अशी की, ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यातल्या जन्मठेपवाल्याला चौदा वर्षे भरण्याआधी सोडता येणार नाही. चौदा हा तळ आहे, छत नव्हे. महाराष्ट्रात गुन्ह्याच्या स्वरूपानुसार त्यापुढची वर्षे ठरवणारे शासनाचे निकष आहेत, आणि तिथपर्यंत पोचायला पोलीस, जिल्हा प्रशासन आणि न्यायाधीशांचे अहवाल जमावे लागतात.

पण जन्मठेपवाले संख्येने थोडे. बहुतेकांची सुटका अडते ती जामिनावर, आणि जामिनाचे पडद्यावरचे रूप फारच सोपे असते. न्यायाधीश हातोडा आपटतात आणि पुढच्या दृश्यात आरोपी घरी जेवत असतो. एक तर भारतीय न्यायाधीश हातोडा वापरत नाहीत. दुसरे म्हणजे आदेश झाल्यावर कागदाचा प्रवास सुरू होतो. त्याची प्रत तुरुंगात पोचावी लागते. आर्थर रोडबाहेर त्यासाठी एक पेटी असते, ती ठरलेल्या वेळी उघडली जाते. वेळ चुकली की आणखी एक रात्र आत. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका बड्या नटाच्या मुलाला २८ तारखेला उच्च न्यायालयाने जामीन दिला, तो बाहेर आला ३० तारखेला. देशातले सर्वांत महागडे वकील हाताशी असून दोन रात्री. आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने तुरुंगात पोचवण्याची 'फास्टर' ही यंत्रणा सर्वोच्च न्यायालयाने पुढे मार्च २०२२ मध्ये सुरू केली.

ज्याला वकीलच धड नाही, त्याचे अडते जामीनदारापाशी. जामीनदाराजवळ शिधापत्रिका हवी, पत्ता हवा, मालमत्तेचा कागद किंवा ऐपतीचा दाखला हवा. ऊसतोडीला आलेल्या, फुटपाथवर राहणाऱ्या, परप्रांतातून आलेल्या माणसाच्या ओळखीत असा माणूसच नसतो. आदेश हातात असून आत बसलेले असे लोक इतके झाले, की सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये जामीन मिळूनही सात दिवसांत न सुटलेल्यांची माहिती विधी सेवा प्राधिकरणाला कळवायला सांगितले. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या आरोपीने संभाव्य शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडण्याची तरतूद आहे, गंभीर गुन्ह्यांचे अपवाद वगळून. चाळीस हजारांच्या आतल्या रकमेसाठी माणूस महिनोन्महिने आत राहू शकतो, हे सरकारनेच मान्य केले आहे. या योजनेइतकी नाट्यमय गोष्ट कुठल्याही मालिकेत नाही.

दाराबाहेर

आता तो बाहेर आला. 'स्कूप' ही हंसल मेहतांची २०२३ ची मालिका पत्रकार जिग्ना व्होरा यांच्या आठवणींवर आधारलेली आहे. पत्रकार जे. डे यांच्या खून प्रकरणात त्यांना नोव्हेंबर २०११ मध्ये अटक झाली. भायखळ्यात त्यांचे नऊ महिने गेले आणि मालिकेत हा काळ दिसतो. मे २०१८ मध्ये त्या निर्दोष ठरल्या. म्हणजे तुरुंग नऊ महिने आणि 'आरोपी' हे बिरूद साडेसहा वर्षे. मुंबईतल्या मोठ्या वृत्तपत्रात काम करणारी, इंग्रजी येणारी, ओळखीपाळखी असलेली ही बाई. तरी तिला पुन्हा पत्रकारितेत उभे राहता आले नाही, तिने टॅरो वाचनाचा व्यवसाय धरला. मग जो आत गेला तेव्हा नाक्यावर बिगारी होता, त्याचे काय?

त्याची पहिली अडचण कागदांची. दरम्यान त्याचे नाव शिधापत्रिकेवरून कमी झालेले असते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो. बँक खाते वापराविना गोठलेले असते. दहा वर्षांनी सुटलेला माणूस चहाच्या टपरीवर सुट्टे पैसे पुढे करतो तेव्हा टपरीवाला चौकोनी चिन्हाच्या फलकाकडे बोट दाखवतो. दुसरी अडचण घराची. भाडेकरूची नोंद पोलीस ठाण्यात द्यावी लागते, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला तेवढे निमित्त पुरते. तिसरी नोकरीची. सुरक्षारक्षक, चालक, घरपोच सामान पोचवणारा, ज्या कामांना शिक्षण कमी लागते त्याच कामांना हल्ली पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र लागते. आणि तुरुंगातल्या सुमारे दोनतृतीयांश लोकांचे शिक्षण दहावीपर्यंतही पोचलेले नसते.

बायकांची अडचण आणखी वेगळी. पुरुषाला घ्यायला तुरुंगाच्या दारात आई येते, बायको येते. बाईला घ्यायला पुष्कळदा कुणीच येत नाही. माहेर म्हणते तू सासरची, सासर म्हणते तू खुनी. सहा वर्षांपर्यंतचे मूल तिला आत जवळ ठेवता येते. सातव्या वर्षी ते बाहेर पडते आणि आई आतच राहते. ती सुटते तेव्हा मूल तिला ओळखेलच असे नाही. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम झाला, त्यात कैद्यांना आपल्या मुलांना जाळीविना भेटता आले. अशा भेटीसाठी स्वतंत्र उपक्रम आखावा लागतो, यावरून एरवीचे अंतर कळते.

पारधी वस्तीत परतणाऱ्याला तर पोलीस ठाणे विसरू देत नाही. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा; तो रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. तरी परिसरात घरफोडी झाली की पहिली गाडी याच पालावर येते. अशा माणसासाठी तुरुंगातून बाहेर येणे ही एकदा घडून संपणारी घटना नसते.

या टप्प्यावर काम करणाऱ्या संस्था आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबई परिसरात तुरुंगात आणि तुरुंगाबाहेर हेच करतो: वकील गाठून देणे, कागद काढून देणे, काम शिकवणे, कामाच्या जागी पहिले काही महिने माणसामागे उभे राहणे. या कामात क्लायमॅक्स नाही. फेऱ्या आहेत, अर्ज आहेत, आणि मधूनच परत दारूकडे किंवा जुन्या टोळीकडे वळलेला कुणीतरी आहे. अमेरिकेतली 'रेक्टिफाय' ही मालिका (२०१३ ते २०१६) हे जाणून होती. मृत्युदंडाच्या कोठडीत एकोणीस वर्षे काढलेला माणूस सुटतो, तिथे ती सुरू होते, आणि चार हंगाम तो फक्त पुन्हा जगायला शिकत राहतो. तिला प्रेक्षक थोडे लाभले, यात नवल नाही.

आटपाडीचा दाखला

आपल्याकडे हे कुणाला सुचले नाही असे मात्र म्हणता येत नाही. १९३९ साली औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. भिंती नसलेली वसाहत. कैदी शेती करत आणि कुटुंबासह राहत. ती आजही सांगली जिल्ह्यात खुली वसाहत म्हणून चालते. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. लेखन ग. दि. माडगूळकरांचे, आणि त्यांचे शेटफळे गावही आटपाडीच्याच परिसरातले. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली त्याला रौप्य अस्वल मिळाले.

चित्रपटात वास्तव पुष्कळ वाकवले आहे. सहा खुनी, एक संतासारखा जेलर, शेवटी बैलाशी झुंज. खऱ्या वसाहतीत घराला घर लागून होते, बायकामुले होती, पीकपाण्याची चिंता होती. तिथे जेलरच्या डोळ्यांच्या धाकापेक्षा संसाराचा धाक मोठा. पण एक गोष्ट त्याने अचूक हेरली. त्या सहा जणांची खरी परीक्षा शेतात होत नाही, बाजारात होते. ते पिकवलेली भाजी रास्त भावाने विकायला बसतात आणि व्यापारी त्यांच्यावर गुंड घालतात. हात न उचलण्याचा शब्द त्यांनी जेलरला दिलेला असतो. बाजाराने मात्र कुणालाच शब्द दिलेला नसतो.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या या चित्रपटाला जे दिसले, ते आजच्या मालिकांतून निसटले आहे. तपशिलाच्या चुका सुधारणे सोपे आहे. गणवेश पांढरा करता येईल, हातोडा काढून टाकता येईल, कोठडीऐवजी बराक उभारता येईल. त्याने खोटेपणा फारसा कमी होणार नाही, कारण मोठी चूक तुरुंगाच्या चित्रणात नाहीच. ती प्रेक्षकाला कथेबाहेर ठेवण्यात आहे. तुरुंग म्हणजे पात्यांची आणि टोळ्यांची जागा हे ज्याने शंभर भागांत पाहिले, तोच पुढे घरमालक असतो, दुकानदार असतो, सोसायटीचा सेक्रेटरी असतो. त्याच्या दारात उभा राहिलेला माणूस चारांतल्या त्या तिघांपैकी, दोषी न ठरलेल्यांपैकी, असण्याचीच शक्यता जास्त. त्याला खोली द्यायची की नाही, हे कुठलेही न्यायालय ठरवत नाही. आत गेलेल्यांपैकी जवळजवळ सगळेच एक दिवस बाहेर येतात. त्यांना जायला वेगळे गाव नाही. ते आपल्याच गल्लीत येणार आहेत.